पाच वाजता पाचावर धारण

चहा येतोय तोवर सांगून टाकतो. पण एक अट आहे, मधे हसायचं नाही. शेवटी हसा, पोट धरून हसा, माझी ना नाही. मधे मात्र नको. ही गोष्ट सांगताना मला अजून घाम फुटतो, आणि घाम फुटलेल्या माणसाला हसणं बरं नव्हे.

फजिती माझीच आहे. दुसऱ्याची असती तर किती रंगवून सांगितली असती!

आधी ओळख करून देतो. माझं नाव रणजित. हे नाव ठेवताना आमच्या वडिलांच्या मनात काय होतं देव जाणे! रण सोडाच, मी आजवर गल्लीतलं एक कुत्रंसुद्धा जिंकलेलं नाही. कुत्रं समोरून आलं की मीच रस्ता बदलतो आणि त्याला मनातल्या मनात साहेब म्हणतो.

नोकरी मुंबईला, विधिमंडळाच्या एका समितीत. कुठल्या ते विचारू नका, अजून नोकरी शिल्लक आहे. आमची समिती पाण्याचं बघते, एवढं पुरे. उन्हाळा लागला की जिल्ह्याजिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांना साक्षीला बोलवायचं आणि विचारायचं, विहिरी किती, टँकर किती, पाणी मुरतं कुठं? विचारणारे आमदार. माझं काम फक्त बैठक लावायचं. म्हणजे सगळ्यांना फोन करून कुणाला कुठली तारीख जमते ते विचारायचं आणि सगळ्यांचा मेळ घालायचा. ऐकायला सोपं वाटतं ना? एकदा आमदारांची तारीख जमवून बघा, मग पोरीची पत्रिका जमवणं किती सोपं ते कळेल.

आणि आमचे अध्यक्ष! त्यांचे आवडते शब्द दोनच, 'खुलासा करा!' त्यांनी नुसतं 'चहा आणा' म्हटलं तरी मला 'खुलासा करा' ऐकू यायचं. त्यांच्यापुढं माझ्या तोंडूनही दोनच शब्द निघायचे, 'होय साहेब.' ते काहीही बोलोत. एकदा त्यांनी विचारलं होतं, "रणजित, तुम्ही गाढव आहात का?" पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

तर कोरोनाचा तो पहिला उन्हाळा. मी ई-पास काढून मुंबईहून गावी आलो, माण तालुक्यात, दहिवडीच्या अलीकडं. गावाच्या वेशीवर बाभळीच्या काट्या आडव्या टाकलेल्या आणि पलीकडं तोंडाला उपरणं बांधून चार माणसं उभी. सगळी ओळखीची, पण मला ओळखायला एक तयार नाही.

"कोन म्हनायचं?"

"अरे, मी रणजित. विधिमंडळाच्या समितीतला."

"आमी बी समितीच हाय. कोरोनाची. चल रानात."

गावच्या समितीनं मला घराचं दार लांबून दाखवलं आणि थेट रानातल्या पत्र्याच्या शेडात नेऊन घातलं. हातावर क्वारंटाईनचा शिक्का होताच. दिवस भरेपर्यंत तिथंच राहायचं. आई बांधावर भाकरीचं गठुळं ठेवायची, लांब जाऊन उभी राहायची, डोळे पुसायची आणि मग मी गठुळं उचलायचो. शेडाभोवती अर्ध्या कोसात माणूस नाही. तरीपण मी तोंडाला मास्क, मास्कवर रुमाल, त्यावर ते काचेसारखं प्लास्टिक, डोक्याला पिशवीची टोपी आणि गळ्यात कापराची पुरचुंडी अशा थाटात बसायचो. मुंबईचा रस्ता लांब होता, मान्य. पण वारा त्याच बाजूनं यायचा की हो!

तुम्ही हसताय. अट काय ठरली होती?

त्या दिवसांत भीती खरी होती. कुणालाही फोन लावला की हॅलोच्या आधी खोकला ऐकू यायचा, तो सरकारी सूचनेतला खोकला. मला दिवसातून किती फोन करावे लागत! दर फोनला खोकला, दर खोकल्याला माझ्या छातीत धस्स. आणि त्यात वरून हुकूम आला, बैठका थांबायच्या नाहीत. टंचाई काय कोरोना संपायची वाट बघणार आहे? पडद्यावर घ्या, पण घ्या. रणजित, लावा बैठक.

"होय साहेब."

लागलो तारखा जमवायला. एक आमदार म्हणाले, मंगळवारी जमणार नाही, मतदारसंघात बेड मिळवून द्यायचेत. दुसरे म्हणाले, मी स्वतःच खोलीत कोंडलोय, कुठलीही तारीख चालेल, बोलायला कुणीतरी द्या. एकांच्या गावात रेंज फक्त देवळाच्या कळसाशी. आमचे एक विदर्भातले ज्येष्ठ सदस्य होते, फार मायाळू माणूस, मला नेहमी 'बाळा' म्हणायचे. त्यांना फोन लावला तर मुलानं उचलला. म्हणाला, "बाबा दवाखान्यात आहेत. तारखेचं नंतर बोलू." मी फोन ठेवला आणि बराच वेळ तारखेचं काम करूच शकलो नाही. माणूस राहील की नाही याची खात्री नाही, आणि आपण विचारतोय, बुधवार जमेल का गुरुवार? फार ओशाळल्यासारखं झालं मला. पुढं ते घरी आले, बरे झाले, म्हणून आज हे सांगताना आवाज निघतोय.

आता दुसरी बैठक.

बैठक म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? आपल्याकडं बैठक म्हणजे लग्नाची. दोन्हीकडची मंडळी बसतात, मानपान, याद्या, तारीख ठरते. तर माझीही तशीच एक बैठक अडकून पडली होती. फेब्रुवारीत मी कराडला, तिच्या नातेवाइकांकडं मुलगी बघून आलो होतो. अश्विनी. सांगली जिल्ह्यातली, पलूसकडची, सरकारी आरोग्य केंद्रात नर्स. तिनं मला काही विचारलं नाही. पण पोह्याची ताटली घेताना माझा हात थरथरला, तेव्हा तिनं ताटली खालून अलगद धरली आणि कुणाला कळू दिलं नाही. बास! मी तिथंच ठरवलं की लग्न करीन तर हिच्याशीच.

मग जिल्ह्यांच्या हद्दी बंद झाल्या. सातारा इकडं, सांगली तिकडं, मधे पोलीस. ती तिकडं रोज दारोदार ताप मोजत हिंडायची आणि मी इकडं शेडात कापूर हुंगत बसायचो.

जुळवून आणणारे बापूमामा एक दिवस फोनवर म्हणाले, "रणजित, पोरीचा बा सुभेदार हाय. रिटायर झाला तरी अजून पाच वाजता उठतोय. त्येला दोनच गोष्टी चालत न्हाईत. येळ बदललेली, आन् भित्रा मानूस. दोन स्थळं त्यापायी मोडल्यात त्यानं. तू आपला छाती काढून बस."

छाती! माझी छाती काढली तर आत कापूर निघाला असता.

पण ठरलं. बैठक पडद्यावर घ्यायची. आमच्याकडून तात्या बोलणार. तात्या म्हणजे माझे चुलते. वडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं, शिकवलं. माणूस सोन्यासारखा, फक्त बोलायला लागला की एकाचे चार सांगतो. आणि आमचा कमकुवत मुद्दा एकच होता, पाणी. कृष्णाकाठची मुलगी, जन्मात पाण्याची टंचाई बघितलेली नाही. ती माणात द्यायची म्हटलं की कुणीही बाप विचारणारच, पाण्याचं काय? तात्या म्हणाले, "त्ये माझ्यावर सोड." तेव्हाच मला घाबरायला हवं होतं. एरवी वाऱ्याला घाबरणारा मी, त्या दिवशी नेमका गाफील राहिलो.

आता माझं शहाणपण ऐका. लिंक तयार करायची विद्या सगळ्या गावात मला एकट्याला येत होती. समितीची लिंक तयार होतीच. सोमवारी सकाळी अकराला समिती, संध्याकाळी पाचला लग्नाची बैठक. म्हटलं, नवी लिंक कशाला? मांडव तोच, सकाळचं लग्न आटोपलं की संध्याकाळचं लावू. दिली तीच लिंक घरी आणि सुभेदारांना.

सोमवारी सकाळी अध्यक्षांचा फोन आला.

"रणजित, सकाळी जमत नाही. पाच वाजता घ्या."

सांगता आलं असतं ना? साहेब, पाचला माझं लग्न ठरतंय. कुठलाही माणूस बोलला असता. मी काय बोललो?

"होय साहेब."

फोन ठेवला आणि आधी कापूर हुंगला. सुभेदारांना वेळ बदलून मागायची? मग लग्न मोडलं. अध्यक्षांना मागायची? मग नोकरी मोडली. शेवटी डोकं चालवलं. घरी आणि सुभेदारांना नवी लिंक पाठवली, 'वेळ तीच, फक्त लिंक नवी.' समिती लॅपटॉपवर चालू ठेवायची, तिथं मला नुसतं बसायचं असतं. आणि लग्नाची बैठक मोबाईलवर. हाय काय न्हाय काय!

मेसेज गेला. पण दोन्हीकडं एकच टिक. दुपार झाली, एकच टिक. चार वाजले, एकच टिक. फोन लावला तर आधी खोकला आणि मग 'संपर्क क्षेत्राबाहेर'. म्हटलं, पोहोचेल. रेंज काय, येते जाते.

पाच वाजले. लॅपटॉपवर समिती उघडली. दाराशी ताटकळलेल्यांची नावं दिसायला लागली. आमच्या आमदारांना फोन लावून देणारी त्यांची मुलं, त्यामुळं साहेबांच्या नावाऐवजी पडद्यावर 'पप्पा', 'बाबा', 'आण्णा नवीन' असलं काहीतरी यायचं. त्या दिवशी 'पप्पा' दोन होते आणि एक 'आई' होती. म्हटलं, आमदारांची आई असेल. 'सगळ्यांना आत घ्या' दाबलं आणि मोबाईलवर नवी लिंक उघडून बसलो.

तिथं कुणीच नाही. मी एकटाच. पाच मिनिटं झाली तरी मी एकटाच. रुसले का पाहुणे? आमच्या गावाला टँकर येतो ते कळलं की काय?

आणि एवढ्यात तात्यांचा आवाज आला. मोबाईलमधून नाही हो! लॅपटॉपमधून!

मी मान वळवली. पडद्यावर वरच्या रांगेत अध्यक्ष, आमच्या उपसचिव मॅडम, आमदार मंडळी. खालच्या रांगेत फेटा बांधून, कपाळाला गंध लावून आमचे तात्या. त्यांच्या मागं आई. बाजूला फोन धरून वहिनी, म्हणजे तात्यांची सून, तिचं निम्मं कपाळच दिसत होतं. आणि कोपऱ्यातल्या चौकटीत मिशा. नुसत्या मिशा. सुभेदारांनी फोन फार जवळ धरला होता.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पाण्याच्या समितीत!

झालं असं, की नवी लिंक कुणाला पोहोचलीच नव्हती, दोन्ही घरं जुन्याच लिंकवरून समितीत शिरली होती. अध्यक्षांनी सुरुवातीलाच विचारलं होतं, "माणकडचं कोण आहे? पुढं या." खरे अधिकारी जोडलेले होते, पण अध्यक्षांपुढं आपणहून तोंड उघडायची हौस कुणाला? ते गप्प बसले. तात्यांना वाटलं, हा सांगलीकडचा कुणी वजनदार पाहुणा, पोरीचा चुलता-मामा असणार.

"मी हाय की. रामराम पाव्हनं. बोला."

अध्यक्ष म्हणाले, "नमस्कार. पाण्याची परिस्थिती काय आहे?"

तात्या याच प्रश्नाची सकाळपासून तयारी करत होते.

"पान्याला काय तोटा न्हाई बगा! घरापुढं हीर, रानात हीर, वर बोर. बारमाही! पोरीला घागर उचलायची येळ यायची न्हाई."

"पोरीला?"

मॅडम हळूच म्हणाल्या, "महिलांची पायपीट म्हणतायत ते, साहेब."

"अस्सं. म्हणजे महिलांची पायपीट बंद झाली?"

"बंद म्हंजे? आमच्यातल्या सुना उंबऱ्याच्या भाईर पाय टाकत न्हाईत!"

समितीत एक आमदार ताई होत्या, त्या उसळल्या. "म्हणजे? बाहेर पडू देत नाही तुम्ही त्यांना?"

"आवं कोरोना हाय न्हवं का, म्हनून!" तात्यांनी सारवासारव केली. "एरवी मोकळीक हाय. नोकरी बी करू द्या म्हनलंय आमी."

मी इकडं तात्यांचा आवाज बंद करायला धडपडत होतो. पण प्लास्टिकच्या आत वाफ धरलेली, काही दिसत नाही, आणि त्या मेल्या चौकटी सारख्या जागा बदलतात. मी तात्यांवर बोट नेईपर्यंत तिथं दुसरंच कुणी येऊन बसायचं.

अध्यक्षांनी चष्मा चढवला. "माझ्यापुढं माहिती आहे. तुमच्या गावाला आठवड्यातून दोनदा टँकर येतो."

तात्यांचा चेहरा पडला. हे पाहुण्यांना कुणी सांगितलं? "टँकर? त्यो... त्यो शेजारच्या वाडीचा."

"टँकर तुमच्या गावाच्या नावावर आणि पाणी शेजारच्या वाडीला? हा गैरव्यवहार आहे. खुलासा करा!"

"गैरव्यवहार? आवं पाव्हनं, सोयरिकीत असं बोलत्यात व्हय?"

"सोयरीक!" अध्यक्ष खुर्चीत पुढं सरकले. "टँकरवाला कंत्राटदार तुमचा सोयरा आहे?"

तात्यांना कंत्राटदार कळला नाही, सोयरा तेवढा कळला. "आजून कुटं? आज ठरलं तर हुईल!"

"म्हणजे हे तुम्ही समितीसमोर ठरवणार?"

"मग कुनासमोर ठरवायचं? चार मान्सं बसल्याबिगार ठरतंय व्हय?"

मॅडमनी डोक्याला हात लावला. मिशा स्तब्ध होत्या. त्या सगळं ऐकत होत्या. हीर, बोर, टँकर, सगळं. मला वाटलं, संपलं. तेव्हा कळलं मला, मी अश्विनीला मनात किती धरून बसलो होतो ते. त्या शेडात मला कोरोनाची भीती वाटत होती, अध्यक्षांची वाटत होती, पण त्या क्षणी एकच भीती उरली, की ती आता मिळणार नाही.

आणि तात्यांनी हुकमी पत्ता टाकला. पाण्यावर हरलेली बाजी त्यांना माझ्यावर मारायची होती.

"पाव्हनं, टँकरचं सोडा. पोरगा बगा! आमचा रणजित मंत्रालयात लय मोठा सायेब हाय. ती पान्याची समिती हाय न्हवं, ती त्योच चालीवतो. अध्यक्ष हाय कुनीतरी नावाला, पर त्येच्या शब्दाभाईर न्हाई. रणजित ऊठ म्हनला की उठतंय, बस म्हनला की बसतंय!"

अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

आता तरी तात्यांना थांबवलंच पाहिजे! मी जीव एकवटून बोट दाबलं. आणि कुणाचा आवाज बंद झाला? अध्यक्षांचा! त्यांचं तोंड हलतंय, मान हलतेय, बोट नाचतंय, पण आवाज नाही. तात्या म्हणाले, "बगा, पाव्हन्यांस्नी बी पटलं. बोलती बंद."

मी घाईनं आवाज चालू केला तर मधूनच ऐकू आलं, "...कुठं आहे तो रणजित! कॅमेरा चालू करा!"

"होय साहेब."

चालू केला. आणि सगळ्या समितीला, दोन जिल्ह्यांच्या पाहुण्यांना मी दिसलो. मास्क, रुमाल, प्लास्टिक, पिशवीची टोपी, गळ्यात पुरचुंडी, मागं पत्रा. वहिनीचा आवाज आला, "अगंबाई, भावजी! त्यो डबा काढा की तोंडावरचा!"

तेवढ्यात मिशा लांब गेल्या आणि पूर्ण माणूस दिसला. ताठ बसलेला. "जय हिंद! मी मुलीचा बाप."

अध्यक्ष वैतागून म्हणाले, "कुठल्या खात्याचे?"

"पायदळ."

"समितीपुढं पायदळ कुणी बोलावलं? रणजित, खुलासा करा!"

आणि मी केला खुलासा. आयुष्यात पहिल्यांदा दोन शब्दांपेक्षा जास्त बोललो. एकच लिंक, सकाळचे अकरा, संध्याकाळचे पाच, एकच टिक, सगळं सांगितलं. टँकर आमच्याच गावाला येतो, घरापुढची विहीर शिमग्यालाच आटते, हेही सांगून टाकलं. म्हटलं, बुडायचंच आहे तर एकदाच बुडू. तात्या तिकडं 'आरं गप, गप' करत होते. बोलून झाल्यावर मी डोळे मिटून बसलो.

कुणीतरी हसलं. आधी खोकल्यासारखं वाटलं म्हणून मी दचकलो. बघतो तर विदर्भातले ज्येष्ठ सदस्य. शाल पांघरून, दवाखान्यातून आल्यानं निम्मे झालेले, पण हसत होते. "अध्यक्ष महाराज, महिनाभरात पहिल्यांदा हसलो. आता बैठक मोडू नका. मुलीची साक्ष राहिली आहे. बोलवा तिला."

अध्यक्ष गुरगुरले. पण त्या माणसाला त्या दिवसांत नाही कोण म्हणणार?

सुभेदारांच्या फोनवर अश्विनी आली. नुकतीच ड्युटीवरून आली असावी, गालांवर मास्कचे वळ उठलेले. तिनं सगळ्यांना नमस्कार केला आणि माझ्याकडं बघितलं.

"तिथं तुमच्याजवळ कोण हाय?"

"कुणी नाही."

"मग हे सगळं कशाला बांधलंय?"

"वारा येतो," मी म्हणालो.

तिनं ओठ दाबून धरले. मग म्हणाली, "एकच विचारते. खरं सांगा. तुमी कायम असंच घाबरता का?"

बापूमामांनी सांगितलेलं मला सगळं आठवत होतं. छाती काढ. भित्रा चालत नाही. 'छे छे' म्हणायचं, एवढं साधं काम. मी तोंड उघडलं. पण सवय वाईट हो! समोर अध्यक्ष, बाजूला मिशा, आणि ती अशी सरळ विचारतेय. माझ्या तोंडून निघालं,

"होय साहेब."

नोकरी, लग्न, अब्रू, सगळं त्या दोन शब्दांत गेलं असं मला वाटलं. तात्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. आई देव पाण्यात घालून बसली होती, तिनं ते बाहेर काढले असावेत.

अश्विनी बापाकडं वळली. "पप्पा, आमच्या केंद्रात रोज माणसं येत्यात, 'आमाला काय हुतंय' म्हणणारी. तीच आधी झोपत्यात. घाबरणारी हात धुत्यात, घरात बसत्यात, घरच्यांना जपत्यात. आणि सगळ्या बैठकीत खरं बोलला तो ह्यो एकच माणूस. पान्याचं बघू काय ते. मला चालतंय."

सुभेदारांनी मिशांवरून हात फिरवला. मग म्हणाले, "आर्डर हाय पोरीची." आणि मला म्हणाले, "ती टोपी तेवढी काढा."

अध्यक्षांनी काय केलं? ते म्हणाले, "विषय संपला. आता खऱ्या अधिकाऱ्यांनी टँकरचं बोलावं." आणि गप्प बसलेल्या त्या अधिकाऱ्यांना दीड तास असं काही धुतलं, की आमच्या गावाला त्या उन्हाळ्यात आठवड्याला चार टँकर यायला लागले. तात्या आजही सांगतात, लग्नात आमी पानी कमी पडू दिलं न्हाई.

लग्न झालं, घरच्या मोजक्या माणसांत. आता हसा. आता हसायला हरकत नाही. चहा आला बघा.

थांबा, फोन वाजतोय.

"हॅलो... होय साहेब... इथंच, दहिवडीत. चहा घेतोय... होय साहेब, हात धुतले... होय, तोच किस्सा सांगत बसलोय... होय साहेब."

काय म्हणालात? छे हो, अध्यक्ष कसले! ते मागेच निवडणुकीत पडले, त्यांना आता कोण घाबरतंय? घरचा फोन होता. चला, उठतो मी. पाच वाजता घरी बैठक आहे.